दहाच्या आत, पाचच्या नंतर

अमेरिकेतल्या मराठी घराचे ऋतू दोनच. आई-बाबा आलेले असतात तो एक आणि आलेले नसतात तो दुसरा. पहिला ऋतू एप्रिल-मेच्या सुमारास सुरू होतो. सोबत गोडा मसाला, मेतकूट आणि 'कशाला एवढं आणलंत?' हा दरवर्षीचा संवाद घेऊन येतो. पहिला आठवडा जेटलॅगमध्ये जातो, दुसऱ्यात आईला डिशवॉशर पटत नाही आणि तिसऱ्यात विषय निघतो, आता यांना दाखवायचं काय? यादी घरोघरी तीच असते. नायगारा, न्यूयॉर्क, डिस्नेलँड, गोल्डन गेट आणि वाटेत एखादं बालाजीचं देऊळ. फोटोसुद्धा तेच. अंगात निळा रेनकोट, मागे धबधबा आणि पुढे हसणारी आई.

अलीकडे या यादीत आणखी एक नाव घुसलंय. वाळवंट. म्हणजे नेवाडा, युटा आणि ॲरिझोना या तीन राज्यांत पसरलेला, लाल दगडांचा, खोल घळयांचा आणि सरळसोट रस्त्यांचा मुलूख. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वॉलपेपर म्हणून आपण सगळ्यांनीच तो पाहिलेला असतो. लास व्हेगासला उतरा, गाडी भाड्यानं घ्या, एक मोठा गोल मारा आणि परत व्हेगासला या. ऐकायला किती सोपं! अडचण एवढीच की तिथे जायचे खरे महिने म्हणजे एप्रिल, मे आणि ऑक्टोबर. आणि आपल्याला रजा मिळते, आई-बाबा इथे असतात, भारतातून येणाऱ्या मित्रांच्या मुलांना सुट्टी असते ती नेमकी भर उन्हाळ्यात. तेव्हा व्हेगासचा पारा सहज ४० अंशांपर्यंत जातो. पण मग जायचंच नाही का? जायचं. फक्त प्लॅन वेगळा करायचा. आमचा प्लॅन कसा झाला, कोणी केला आणि त्यातून काय काय गळालं, ते सांगते.

आम्ही चौघं. मी, नवरा, आई आणि बाबा. बाबा एकोणसत्तरचे. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून रिटायर झालेले. सगळी नोकरी मराठवाड्यात, त्यातही बरीचशी जायकवाडीच्या कालव्यांवर. त्यांना ब्लडप्रेशरची गोळी आहे आणि ती लघवी वाढवणाऱ्या जातीतली आहे. निघण्यापूर्वी तिकडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, उन्हात चढ-उतार अजिबात नको, या वयात तहान लागल्याचं उशिरा कळतं आणि या गोळीवर शरीरातलं पाणी लवकर कमी होतं. आई शेजारीच बसली होती, त्यामुळे हे वाक्य आमच्या घरात कायद्यासारखं लागू झालं.

आणि बाबांची मागणी काय, तर कोलोरॅडोच्या पाण्याला हात लावायचा. ग्रँड कॅन्यन वरून बघून परत यायचं नाही. 'नदी बघायला गेलो आणि पाण्याला हात न लावता आलो, असं कधी झालंय का?' हा त्यांचा सवाल.

चौदा ठिकाणांची एक्सेल शीट

नवऱ्यानं पहिल्याच रात्री एक्सेल शीट केली. आपण आयटीवाले, ट्रिप म्हटलं की आधी शीट! त्यात आठ दिवस, चौदा ठिकाणं आणि सोळाशे मैल होते. डेथ व्हॅली, झायन, ब्राइस, आर्चेस, मोन्युमेंट व्हॅली, अँटिलोप कॅन्यन, ग्रँड कॅन्यनचे दोन्ही काठ, सगळं. प्रत्येक ओळीपुढे गुगल मॅप्सनं सांगितलेला वेळ. रकाने रंगवलेले. बघून कोणालाही वाटावं, झालं की काम!

बाबांनी शीट पाहिली आणि जावयाला विचारलं, "जावईबापू, यात उंचीचा रकाना कुठे आहे?"

तेव्हा मला हा प्रश्न खात्यातल्या सवयीचा वाटला. पण वाळवंटातल्या ट्रिपची सगळी किल्ली त्या रकान्यात आहे. नकाशात ही ठिकाणं शेजारी-शेजारी दिसतात, पण ती एका पातळीवर नाहीत. डेथ व्हॅलीचा तळ समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. लास व्हेगास सुमारे ६०० मीटरवर. झायनचं खोरं १,२०० मीटरच्या आसपास. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ, म्हणजे साउथ रिम, २,१०० मीटर. आणि ब्राइसचा काठ २,४०० मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ब्राइस त्याच्यापेक्षा तब्बल ८०० मीटर उंच! दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे शाळेत शिकलेलं गणित इथे रोज दिसतं. ज्या दिवशी व्हेगासमध्ये रस्त्यावर उभं राहवत नाही, त्याच रात्री ब्राइसला स्वेटर लागतो.

म्हणजे 'जूनमधलं वाळवंट' अशी एक गोष्ट नाहीच. महाबळेश्वर आणि जळगाव एकाच ट्रिपमध्ये आहेत. मुक्काम उंचावर टाकायचे आणि खालची ठिकाणं सकाळी उरकायची, हा पहिला नियम ठरला. दोन रात्री ब्राइसला आणि दोन ग्रँड कॅन्यनच्या दाराशी, तुसायान गावात. पार्कच्या आतल्या लॉजेसचं बुकिंग १३ महिने आधी उघडतं. एवढा आधीचा विचार फक्त मंगल कार्यालयं बुक करणारे लोकच करू शकतात.

मराठवाड्याचं वेळापत्रक

दुसरा नियम आईनं दिला, तोही नकळत. बाबा म्हणत होते, "आम्हाला ऊन नवीन आहे का? बेचाळीस अंशांत कालव्यावर उभे राहिलोय." त्यावर आई म्हणाली, "अहो, दुपारी बाराला कधी उभे होतात? पहाटे जायचात, अकराला घरी यायचात आणि पडदे लावून झोपायचात."

खरंच होतं. आपल्याकडे मे महिन्यात शहाणा माणूस दुपारी बाहेर पडत नाही. बाजार थंडावतो, खिडकीत वाळ्याचा पडदा, माठातलं पाणी, दोन तास झोप आणि पाचनंतर पुन्हा जग सुरू. पण तोच माणूस टुरिस्ट झाला की त्याचं घड्याळ ऑफिसचं होतं. नऊला ब्रेकफास्ट, दहाला बाहेर, दुपारभर बघाबघी आणि सहाला हॉटेलवर. वाळवंटात हेच वेळापत्रक माणसाच्या जिवावर उठतं. नॅशनल पार्क सर्व्हिस डेथ व्हॅलीच्या सखल भागात उन्हाळ्यात सकाळी दहानंतर पायी फिरू नका असंच सांगते. ग्रँड कॅन्यनच्या उतारावर दहा ते चार चालू नका, असा सल्ला आहे. म्हणजे त्यांचे रेंजर आणि आमची आई यांचं एकमत आहे.

मग शीट नव्यानं झाली. प्रत्येक दिवसाचे तीनच भाग. दहाच्या आत, दहा ते पाच आणि पाचच्या नंतर. बघण्यासारखं सगळं पहिल्या आणि तिसऱ्या भागात. मधला भाग गाडीतल्या प्रवासाला, जेवणाला आणि झोपेला. जूनमध्ये ग्रँड कॅन्यनला सूर्य सव्वापाचच्या आसपास उगवतो आणि पावणेआठच्या सुमारास मावळतो. दिवस एवढा मोठा की मधले सात तास सोडून दिले तरी साडेसात तास उजेड उरतो. आणि फोटोवाल्या मंडळींसाठी बोनस म्हणजे त्या दगडांचा खरा रंग याच दोन वेळांना दिसतो. दुपारी सगळं पांढरट, सपाट दिसतं.

घड्याळावरून आणखी एक गंमत. हूव्हर धरणाच्या दोन बाजूंच्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाची वेळ सांगतं आणि दुसरं ॲरिझोनाची. उन्हाळ्यात दोन्हींत तीच वेळ असते, कारण ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. युटा मात्र करतं. आणि नावाहो नेशन, म्हणजे नावाहो लोकांचा स्वतःचा प्रदेश, ॲरिझोनात असूनसुद्धा घड्याळ पुढे करतो. त्यामुळे युटातून ॲरिझोनात आलात की एक तास मागे, थोडं पुढे नावाहो हद्दीत शिरलात की एक तास पुढे, बाहेर पडलात की पुन्हा मागे. फोन बिचारा टॉवर सापडेल तशी वेळ दाखवतो. सूर्योदयाचा अलार्म त्याच्यावर सोडू नका. बाबांनी मनगटी घड्याळ ॲरिझोनाला लावलं आणि आठवडाभर तेच प्रमाण मानलं.

पाणी, पेट्रोल, चिवडा

मुंबईच्या माणसाला घाम म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. शर्ट पाठीला चिकटतो आणि आपण पाणी पितो. या वाळवंटात हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि दिसायच्या आत उडून जातो. कातडी कोरडी, शर्ट कोरडा, माणूस म्हणतो मला तर घामच येत नाहीये. त्यामुळे तहानेची वाट बघायची नाही. डेथ व्हॅलीसाठी पार्क सर्व्हिसचा हिशेब माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी. आम्ही चौघांसाठी रोजचे चार गॅलन डिकीत आणि एक दिवसाचा साठा वर, असा नियम केला. पण नुसतं पाणी ढोसत राहणंही वाईट, रक्तातलं मीठ कमी होतं. पार्कवाले म्हणतात, सोबत खारट काहीतरी खा. हे वाचल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे तेज आलं! डब्यात चिवडा, खारे शेंगदाणे, चिक्की आणि थर्मासमध्ये मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. आई हे सगळं तसंही नेणारच होती, आता तिला सरकारी पाठिंबा मिळाला. बाबांचं पथ्य, किती मीठ आणि किती पाणी, ते मात्र डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. घरात कोणी बीपीवाले असतील तर तुम्हीही विचारा.

गाडीचे नियम थोडेच आहेत पण पाळायचे. टाकी अर्ध्यावर आली की पंप दिसेल तिथे भरायची. युटातल्या आय-७० महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना हा शंभर मैलांहून मोठा पट्टा असा आहे की मध्ये ना पंप, ना दुकान. टायरची हवा सकाळी टायर थंड असताना तपासायची. काही लांब चढांवर 'इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा' अशा पाट्या दिसतात, त्या खऱ्याच मानायच्या. नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवायचे, कारण रेंज तासतासभर नसते. आणि गाडी बंद पडलीच तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. गाडीची सावली मिळते आणि शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

भारतातून येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून मिळतं, एक वर्ष चालतं, ते काढून आणा. मूळ लायसन्सही सोबत ठेवा. आणि पार्कांच्या फीचं बघा. आम्ही २०२५ च्या जूनमध्ये गेलो तेव्हा ८० डॉलरच्या एका वार्षिक पासात गाडीतल्या चौघांचं भागलं. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी वेगळे दर आहेत. त्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा. तो नसेल तर ठराविक अकरा पार्कांत नेहमीच्या फीवर माणशी १०० डॉलर जास्त. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन तिन्ही त्या अकरांत आहेत. आई-बाबांना आणणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

कात्री

आता शीटमधून काय काय गेलं ते सांगते, कारण खरा प्लॅन तिथेच झाला.

डेथ व्हॅली पहिल्यांदा गेली. ती माझी आवडती होती. १० जुलै १९१३ ला तिथे नोंदलेलं ५६.७ अंश तापमान हा अजूनही अधिकृत जागतिक विक्रम आहे, त्यावर तज्ज्ञांचे वाद असले तरी. एसी गाडीतून नुसतं बघून येऊ, असं मी म्हणत होते. मग २०२४ च्या जुलैमधल्या बातम्या वाचल्या. एक मोटारसायकलस्वार उष्म्यानं गेला. हवा इतकी तापली होती की त्या पथकाच्या मदतीला हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही, कारण तापलेली हवा विरळ होते आणि पंख्यांना पुरेशी उचल मिळत नाही. त्याच महिन्यात वाळूच्या टेकड्यांवर एका पर्यटकाची चप्पल निसटली आणि तळपाय गंभीर भाजले. म्हणजे काही झालंच तर मदत यायचा वरचा रस्ताच बंद. बाबांना घेऊन तिथे? नाव खोडलं.

आर्चेस आणि मोन्युमेंट व्हॅली अंतरामुळे गेली. दोन्ही सुंदर, पण त्यांना बसवायचं तर सकाळचे तास गाडीतच जात होते. सकाळ गेली की दिवस गेला.

अँटिलोप कॅन्यनवर जरा भांडण झालं. नवऱ्याला ते हवंच होतं. दगडाची ती अरुंद, वळणावळणाची फट आणि वरून येणारा उजेडाचा झोत. पण तो झोत मिळतो तो भर दुपारच्या आसपास, म्हणजे आमच्या मधल्या भागात. तिथे नावाहो गाइडशिवाय जाताच येत नाही आणि त्यामागे कारण आहे. १२ ऑगस्ट १९९७ ला अशाच एका घळईत ११ पर्यटक वाहून गेले. त्यांच्या डोक्यावर पाऊस नव्हता, तो पडला होता मैलोन् मैल दूर. या भागात जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी वळवासारखा पाऊस येतो आणि तिथले लोकही त्याला मॉन्सूनच म्हणतात! उघड्या दगडावर पाणी मुरत नाही, सगळं एकदम फटींतून धावतं. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर अरुंद घळईत शिरण्यापूर्वी रेंजरना विचारा. आपल्या डोक्यावरचं आभाळ निळं आहे, याला तिथे काही अर्थ नसतो.

शेवटी गेला तो ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ, नॉर्थ रिम. दोन काठांमधलं सरळ अंतर साधारण १० मैल आणि गाडीचा रस्ता दोनशेहून अधिक मैलांचा, पाच तासांचा. 'पुढच्या वेळी' असा नवा रकाना नवऱ्यानं केला आणि ही सगळी नावं तिथे नेऊन ठेवली. उरलं काय? हूव्हर धरण, झायन, ब्राइस, पेज गाव आणि ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ. चौदापैकी पाच. सुमारे नऊशे मैल, म्हणजे पुण्याहून नागपूरला जाऊन परत येण्याएवढं.

पाण्याला हात

बाबांची मागणी अजून तशीच होती. दक्षिण काठावरून नदीपर्यंत पायवाट आहे, ब्राइट एंजल ट्रेल. उतार १,३०० मीटरहून जास्त. आपल्या ट्रेकर मंडळींनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. सिंहगडावर दमलात तर वळा आणि उतरत या, सोपं आहे. ग्रँड कॅन्यन म्हणजे उलटा सिंहगड. उतरताना मजा येते, खाली जावं तशी हवा तापत जाते आणि दमल्यावर चढ सुरू होतो. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर येऊ नका, असं पार्कवाले धडधाकट तरुणांनाही सांगतात.

नकाशा बाबांनीच धुंडाळला. टोपोग्राफिक नकाशा मागवला, डायनिंग टेबलवर पसरला आणि तीन दिवस चष्मा लावून बसले. मग एका ठिकाणी बोट ठेवलं. लीज फेरी.

पेजच्या खाली, ग्लेन कॅन्यन धरण आणि ग्रँड कॅन्यन यांच्या मध्ये, कडे थोडा वेळ बाजूला होतात आणि डांबरी रस्ता थेट कोलोरॅडोच्या काठापर्यंत जातो. शेकडो मैलांच्या घळईत अशी जागा जवळपास दुसरी नाही. ग्रँड कॅन्यनच्या राफ्टिंगच्या होड्या इथूनच सुटतात, नदीचे मैल इथूनच मोजतात. बाबांना मात्र आणखी एक कारण होतं. १९२२ मध्ये सात राज्यांनी या नदीचं पाणी वाटून घेण्याचा करार केला, त्यात वरचं खोरं आणि खालचं खोरं यांची सीमा याच जागेपाशी धरली आहे. दोघांना वर्षाला ७५-७५ लाख एकर-फूट. बाबांनी पेन काढून टीएमसी केले. सुमारे ३२७. नाथसागर पूर्ण भरला तर १०२ टीएमसी, म्हणजे प्रत्येकाला वर्षाला तीनहून जास्त जायकवाड्या. "आणि हिशेब ओल्या वर्षांवरून केलेला," बाबा म्हणाले. "नदीत एवढं पाणी नाहीच. कागदावर आहे."

आदल्या दिवशी पेजला लेक पॉवेल पाहिला होता. जलाशयाच्या कडेनं लाल दगडावर पांढरा पट्टा, पाणी पूर्वी कुठवर होतं ते दाखवणारा. तलाव १९८० मध्ये पहिल्यांदा पूर्ण भरला आणि २०२३ च्या सुरुवातीला भरल्यापासूनच्या नीचांकावर होता. बाकीचे पर्यटक फोटो काढत होते आणि बाबा त्या पट्ट्याकडे बघून गप्प उभे होते. हा पट्टा त्यांनी नाथसागराच्या काठानं किती उन्हाळ्यांत पाहिला असेल!

लीज फेरीला आम्ही पेजहून पाचला निघालो. वाट नावाहो नेशनमधून जाते. वाटेत एक पिकअप ट्रक दिसला, मागे पाण्याची मोठी प्लास्टिकची टाकी. आई लगेच म्हणाली, "टँकर!" तो खरंच तसाच होता. नावाहो प्रदेशातल्या कितीतरी घरांना अजून नळ नाही, लोक पाणी असं वाहून नेतात. देशातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा जलाशय हद्दीला लागून आहे आणि घरात मात्र टाकीचं पाणी. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की १८६८ च्या तहानं नावाहोंसाठी पाणी मिळवून देण्याची सक्ती सरकारवर होत नाही. मी हे मोबाइलवर वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "धरणाच्या पायथ्याची गावं. सगळीकडे तीच."

सव्वासहाला आम्ही काठावर होतो. कडे वरून केशरी व्हायला लागले होते, नदीवर अजून सावली होती. बाबांनी बूट काढले, पँट दुमडली आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिले. आईनं मागून दंड धरून ठेवला होता. ते वाकले आणि दोन्ही हात पाण्यात घातले. पाणी धरणाच्या खोलातून येतं, भर उन्हाळ्यातही बर्फासारखं. "एवढं गार?" एवढंच म्हणाले. मग बराच वेळ हात तसेच. साडेनऊला आम्ही गाडीत होतो, दुपारी तुसायानला पडदे लावून झोपलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साउथ रिमवर 'ट्रेल ऑफ टाइम' चाललो. काठावरची सपाट, फरसबंद वाट. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. ज्येष्ठ मंडळींना घेऊन गेलात तर हीच करा. कोलोरॅडोनं ही घळई कोरली ती साधारण पहिल्या सहा मीटरांत. सहासष्टाव्या मीटरला बाबा थांबले आणि पायाकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे आपलं दख्खन." आपला काळा बेसॉल्ट ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, अख्खी सह्याद्री इथे सत्तर पावलांच्या आत. सगळ्यात तळाच्या खडकाला यायला पावणेदोन किलोमीटर चालावं लागतं आणि त्या खडकाचं नाव आहे विष्णू. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं इथल्या सुळक्यांना विष्णू टेंपल, शिवा टेंपल अशी नावं दिली, त्यातूनच हे आलं. आईनं समोरच्या सुळक्याला तिथूनच नमस्कार केला. म्हणजे यादीतलं देऊळही झालं.

जुलैत आई-बाबा घरी असतानाच बातमी आली. नॉर्थ रिमवर ४ जुलैला विजेनं वणवा लागला होता. तो पसरत गेला आणि पुढच्या आठवड्यात तिथलं जुनं ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेलं. उरलेल्या हंगामासाठी तो काठ बंद झाला. आमच्या 'पुढच्या वेळी'च्या रकान्यातलं एक नाव असं गेलं. डोंगर आहेत तिथेच आहेत, पण ज्या व्हरांड्यातून ते बघायचे ठरलं होतं तो व्हरांडा राहिला नाही. पाच ठिकाणं नीट बघितली याचा आनंद आहेच, पण उरलेली नऊ आपल्यासाठी थांबून राहतील असं कोणी लिहून दिलेलं नाही, हेही खरं.

आता बाबा दर रविवारी तिकडून फोन करतात. हवापाण्याच्या चौकशा झाल्या की विचारतात, "ती शीट आहे ना? उंचीचा रकाना भरून ठेवा. मोन्युमेंट व्हॅलीची उंची किती?" नवरा शीट उघडतो. सोळाशे मीटर. "मग एप्रिलमध्ये जमेल," बाबा म्हणतात. "रजेचं बघा."